देठ

पाळकांनी वही दिली, आखीव, चाळीस पानी.
म्हणाले, रोज रात्री एक उपकार लिहा, प्रमिलाबाई,
एकच पुरे.
पहिल्या रात्री मी तारीख लिहिली.
दुसऱ्या रात्रीही तारीखच.
तिसऱ्या रात्री लिहिलं, पेन चालतो.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी.
इतकं लाल की रेल्वेतली माणसं
खिडकीशी येऊन बघतात,
आणि शिंकत मागे सरतात.
आम्ही कडेला बसून देठ खुडतो, किलोवर मजुरी.
बोटांची आग पाण्याने जात नाही, ताकाने जात नाही.
रात्री हात गोधडीबाहेर ठेवून झोपते,
शेजारणीचे सांभाळायला घेतल्यासारखे.
प्रार्थनेला बसले की
आधी जळतात, मग जुळतात.

ह्याच मिरचीची पोती सिलवान ट्रकवर चढवायचा.
नाताळच्या आठवड्यात फळी सरकली.
धुळ्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली
आणि जे सांगायचं ते फिल्मलाच सांगितलं.
तेव्हापासून तो छपराच्या पत्र्याकडे बघतो.
पत्र्याला सात भोकं आहेत.
मलाही आता पाठ झालीत.

देवाला मी सरळ सांगितलं,
आभार मानीन, पण ह्याचे नाही.
त्या फळीचे नाही, ह्या कंबरेचे नाही.
तू मागूही नकोस.

त्याने मागितले नाहीत.
हे मी वहीत लिहिलं.

फेब्रुवारीत उपकारस्तुतीचा रविवार आला.
टेबलावर दादरची कणसं, तूर, नागली,
पाय बांधलेली एक कोंबडी,
जी उपदेशात दोनदा मध्ये बोलली.
मी दुधी नेला, संडासाच्या छपरावरच्या वेलाचा,
एका अंगाने वाकडा.
कुठल्या छपरावरचा ते कोणी विचारलं नाही.

दानियल मास्तर लिलाव पुकारत होते.
दुधी वर धरला, कोणी म्हणालं वीस.
मागच्या बाकावरून बेंजू उठला,
त्या दिवशी फळीचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं तो.
दोनशे, म्हणाला. माझ्याकडे न बघता.
पैसे ठेवले, दुधी घेतला,
आणि परत टेबलावर ठेवला.
पुन्हा पुकारा. एस्तेर नर्सबाई, दीडशे.
तिनेही परत ठेवला.
तिसऱ्यांदा एकशे साठ,
आणि पाचशे दहा रुपयांचा झालेला तोच दुधी
बाकावरून बाकावर सरकत
माझ्या मांडीवर येऊन बसला.

डोळे भरले, आणि पुसता येईनात.
सहा दिवसांची मिरची बोटांत,
डोळ्याला लावली तर आंधळीच व्हायचे.
हात असे वर धरून बसले,
जणू मला कोणी चोरीत पकडलंय.
केझियाने बघितलं.
आठ वर्षांची आहे. फ्रॉकचा घेर गोळा केला,
माझे डोळे पुसले, मग नाकही,
मी तिचं पुसते तसंच, जरा जोरात.

रात्री दुधी शिजवला. लसूण, मीठ, थोडं तेल.
मिरचीला शिवले नाही, म्हटलं रविवार तरी सुटू दे.
केझिया गालात घास धरून
लिलाव पुकारत होती, ताटलीचा, चमच्याचा.
सिलवानने दोन घास खाल्ले,
पत्र्यावरची नजर खाली आणली.
"तिखट घातलं नाय का?"

एकोणीस दिवसांत पहिलं वाक्य.
तेही तक्रारीचं.

वही काढली. तारीख लिहिली.
पुढे काय लिहावं सुचेना,
तर त्याचंच वाक्य उतरवून घेतलं,
प्रश्नचिन्हासकट,
आणि डब्यात मिरची शोधायला उठले.